दोघींचं लुगडं

बमरोली, सुरत
१७ ऑगस्ट १९९५

शकूबाईस, वहिनीचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. गुडघ्याचं वाचलं. इथं आम्ही सारे ठीक. प्रफुल्लची रात्रपाळी चालू आहे. विशाखा सूनबाई घरी बसून साड्यांचे धागे कापते, घरभर साड्या पडलेल्या असतात. पाय ठेवायला जागा नाही इतकं कापड. त्यात बसले की मला ती सकाळ आठवते. पहाटे तू आपलं दोघींचं लुगडं नेसून विहिरीवर गेलीस. मी गोणपाट गुंडाळून आत दळत बसले. तू पाणी घेऊन येशील, लुगडं सोडशील, मग ते नेसून मी शेण गोळा करायला जाणार. असं रोजचंच होतं. माय खाटेवर खोकत होती आणि म्हणत होती, चूल पेटली का?

तुला आठवतं ना? एक धड लुगडं आणि आपण दोघी. मी एकोणीस वर्षांची, तू पंधराची. लढाई संपून सहा महिने झाले होते. जिंकली म्हणे. आपल्या गावात त्याचं काही कळलं नाही. कंट्रोलचं कापड दुकानात यायच्या आधीच संपायचं. रॉकेल नाही. पलटणी मोडून माणसं परत येत होती आणि पारावर बसून राहत होती. परवा पेपरात लढाई संपल्याला पन्नास वर्षं झाल्याचं मोठं पान आलंय. मी ते दोनदा वाचलं. लुगड्यांचं त्यात काही नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की सखाराम तुझ्या दारी आला होता. जुन्या लढाईतल्या शिपायांना सरकार काही मदत देणार असं त्यानं ऐकलंय. त्याचे कागद पुरात गेले. तुझ्या दादाच्या पेटीत त्या दोघांचा वर्दीतला फोटो किंवा एखादा कागद असला तर द्या म्हणाला. त्यावर तू लिहितेस, 'मेलेल्या मायच्या अंगावरचं लुगडं खाल्लं त्यानं, त्या चोराला चिठोरंसुद्धा देऊ नको, वहिनी.'

तीन दिवस मी तुला उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे. साक्षी विचारते, "आजी, शुं लखे छे रोज रोज?" मी म्हणते, गुडघ्याचं औषध लिहिते.

शकूबाई, सखाराम चोर नाही.

त्या सकाळी तू विहिरीवर होतीस तेव्हा तो आला. माय झोपली होती. मी गोणपाटात, दारामागे. त्याला ते कळलं असावं. तोंड फिरवून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, सुकदेवनी धाडेल शे. ली ल्या." मी फटीतून हात काढला. त्यानं गाठोडं हातावर ठेवलं आणि मागं न बघता गेला. आत ह्यांनी पाठवलेलं कोरं लुगडं होतं, घडीत एक चिठ्ठी. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. चिठ्ठी वाचायला मास्तरांकडे न्यावी तर लुगड्याचं सगळ्यांना कळणार. मग ते एकीचं राहिलं नसतं. लुगडं आणि चिठ्ठी मी कणगीत ज्वारीखाली पुरली. हे घरी येतील तेव्हा नेसेन म्हटलं. लग्न होऊन आठ महिन्यांत ते लढाईवर गेले होते. मला त्यांच्यापुढं गोणपाटात जायचं नव्हतं.

लुगडं जांभळट, साधं, बारीक काठाचं होतं. एकोणीस वर्षांच्या बायकोला कोणी असं घेत नाही, हे मला कळलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. कळलं असेलही.

नवव्या दिवशी माय गेली. दुकानदार म्हणाला, कापड नाही. माणसं दारात खोळंबली. तूच पुढं झालीस. अंगावरचं, आपलं दोघींचं, सोडून दिलंस आणि आतून ओरडलीस, "मायले उघडं नही धाडानं!" ते तिच्या अंगावर घातलं. त्याला चार ठिगळं होती. मी कणगीला टेकून उभी होते, शकूबाई. हात मागे केला असता तर झाकणाला लागला असता.

महिना आपण मागून आणलेल्या जुनेरावर काढला, मग हे आले. मायचं ऐकून ओट्यावर बसले. मग विचारलं, "लुगडं भेटनं ना?" मी म्हणाले, "कसानं लुगडं?" एवढंच. पुढचं सगळं ह्यांनीच केलं. सखारामला पारावर चारचौघांत चोर म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं एकदा म्हणायचं होतं की मी वहिनीच्या हातात दिलं. म्हणाला नाही. का नाही म्हणाला ते मला आजपर्यंत ठाऊक नाही.

तुझ्यासाठी त्याच्या घरी बोलणं चाललं होतं. तेही तिथंच थांबलं. शालिग्रामदाजींना मी नावं ठेवत नाही, माणूस भला होता. पण दोन मुलांच्या बिजवराला तुला दिलं ते त्यामुळं. पाठवणीच्या वेळी तू माझ्या गळ्यात पडून रडलीस.

हे पत्र दत्तू तुला वाचून दाखवत असेल. दत्तू बाळा, आईकडे बघून थांबू नको. सगळं मोठ्यानं वाच.

गावात काम नव्हतं म्हणून आम्ही सुरतेला आलो. लुगडं माझ्या पेटीत तळाशी आलं. मी ते कधी नेसले नाही. प्रफुल्ल पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पुस्तकावरून मी अक्षरं गिरवली. हे मिलमध्ये गेले की भांड्यांवरची नावं वाचायची, पुडीचे कागद वाचायची. वर्षभरानं एका दुपारी पेटी उघडली. चिठ्ठी अशी आहे:

'आईस सुकदेवचा दंडवत. आमच्याच कंपनीतला सखाराम याच्या हाती तुला लुगडं पाठवत आहे. दोघं बरोबर भरती झालो, पण त्याला आधी सोडलं. थंडीत जपावं. झेलाला पुढच्या खेपेस आणीन.' खाली दोघांचे पलटणीतले नंबर आहेत.

ती वाचूनही मी गप्प राहिले. सखाराम एकदा सुरतेला काम शोधायला आला होता. ह्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही. शेजारणीच्या दारात तो पाणी प्यायला. मी आत पोळ्या लाटत होते. हे गेले त्या आठवड्यात तापात म्हणाले, "मायले लुगडं भेटनं नही." मी कपाळावर पट्टी बदलली. तेव्हा सांगायला हवं होतं. तीन वर्षं झाली त्याला.

म्हणजे सखारामला हवा तो कागद आहे. मीच पुरलेला तेवढा एक. तो दिला की गावाला सगळं कळणार, तुझ्या सुनांना, माझ्या प्रफुल्लला. म्हणून तीन दिवस फाडत होते. क्षमा माग असं मन म्हणतं, पण तुला काय काय परत देऊ? गुडघ्याला एरंडाचं तेल कोमट करून लाव.

१९ ऑगस्ट

परवा पत्र बंद केलं नव्हतं. आज सकाळी पोस्टात जाऊन ती चिठ्ठी आणि वर्दीतला फोटो सखारामभाऊंच्या नावानं रजिस्टरनं पाठवला. चिठ्ठी मजजवळ एकोणपन्नास वर्षं होती, असं सोबत लिहून खाली सही केली. घरी येऊन लुगडं पेटीतून काढलं. घड्यांवर विरलं आहे. हलक्या हातानं धुतलं आणि बाहेर गल्लीत दोरीवर पसरलं. रात्रपाळी करून झोपलेला प्रफुल्ल उठून बाहेर आला. म्हणाला, "आई, हे कोणाचं?"

तुझ्या आजीचं, म्हटलं.

तुला अजून म्हणावंसं वाटलं तर तुझी वहिनी,
झेला