कॅफे इफ्रिकिया, बेजा

२० फेब्रुवारी
बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा पाय अजून कॅफेत लंगडतोय. अख्खं बेजा माझ्या कॅफेला ‘लंगड्याचं’ म्हणतं. निवृत्त भूगोल शिक्षकाला हे शोभतं का? ठरलं. नवं नाव ‘कॅफे इफ्रिकिया’. आमच्या या ट्युनिशियाचं प्राचीन नाव. पुढे अख्ख्या आफ्रिका खंडाने उचललं, आभारसुद्धा न मानता. परत घेतोय.

मबरूका बायको असूनही म्हणाली, “ईदपर्यंत टेबलं भरली नाहीत तर जागा माझ्या भावाला. टायर विकेल तो.” हसलो. तिचा इतिहास कच्चा.

२६ फेब्रुवारी
पाटी लागली. पेंटर खमैसला अर्थ समजावला: कुणी म्हणतं इफ्रिकोस नावाच्या राजावरून, कुणी म्हणतं ‘इफ्री’ म्हणजे गुहा. तो म्हणाला, “गुहेत चहा प्यायला कोण येणार, सर?” गावाची पातळी ही.

२ मार्च
पाटी वाचून एकाला हे विमान कंपनीचं ऑफिस वाटलं, तिकिटं मागितली. दुसऱ्याला नावावरून हा फुटबॉलच्या विरोधी संघाचा अड्डा वाटला, भांडून गेला. चर्चा सुरू झाली म्हणायची.

१४ मार्च, रमजान
रोजा सुटला की बाकीची कॅफे ओसंडतात. माझी तीन टेबलं भरली. एकावर मेहुणा, हातात मोजपट्टी. संकल्प: ईदच्या आधी वादक बोलवायचे.

७ एप्रिल, संध्याकाळ
वादकांचा फोन. म्हणे, गाव पालथं घातलं, इफ्रिकिया कुणालाच ठाऊक नाही. एकाने तर अल्जीरियाचा रस्ता दाखवला. मेहुणा कान टवकारून बसलेला. पाठ फिरवून हळूच म्हणालो, “लंगड्याचं.” केवळ सोयीसाठी.

लगेच हजर. ऊद हे तंतुवाद्य वाजवणारा म्हातारा म्हणाला, “आधी नाही का सांगायचं, बाळा. तुझ्या बापापुढे कितीदा वाजवलंय इथे.” लंगड्याकडे गाणं आहे म्हणून गावभर झालं. शेजारून खुर्च्या आणल्या. मेहुणा उभाच होता. बाबा असते तर गल्ल्यावर बसून ताल धरला असता. डोळ्यांत पाणी आलं. चहातल्या पुदिन्यानेही येत असावं.

१० एप्रिल, ईद
टायर टळले. नावाचा विजय. कुठल्या, हे गौण.

सकाळी स्वतःच शिडीवर चढलो. ‘इफ्रिकिया’ पुसलं आणि बाबांच्या नावाने ‘लंगड्या मनव्वरचं कॅफे’ लिहायला ब्रश बुडवला. शिडी मबरूकाने धरली होती.

म्हणाली, “उतरा आता. ते कशाला लिहायचं? ते ठाऊक आहे सगळ्यांना.”