मिठागरातले पाय

९ नोव्हेंबर

पायाला चोळायच्या तेलाची खरी किंमत आज मोजली. दोन चादरी, गादीची खोळ, सौ.ची झोप, आणि बाथरूममध्ये घसरून सोललेलं माझं कोपर. बाटलीवर छापलेली किंमत यात धरलेली नाही. ती सौ.ला अजून सांगितलेली नाही.

गुण काही नाही. तळवे तसेच. मोजे घालून चालल्यासारखं वाटतं, मोजे नसताना.

संध्याकाळी विचुंब्याला बाळारामकडे. लहानपणी आम्ही दोघं आपापल्या बापाबरोबर मिठागरात राबलो. त्याला पायांचं सांगितलं तर हसायलाच लागला. "आरं, मिठागरातलं पाय हायेत आपलं! त्यांना काटा कळत नाय, निखारा कळत नाय. तुला आता कळलं व्हय?"

मलाही बरं वाटलं. खरंच आहे की. खाऱ्या चिखलात घट्ट झालेले तळवे. कॉलनीतल्या माणसांसारखे लोण्याचे नाहीत.

१२ नोव्हेंबर

न्हावा शेव्याच्या यार्डात. कंटेनर उतरवून आलेला आमचा ड्रायव्हर सलीम पोट धरून ट्रेलरच्या सावलीत बसलेला. ओवा, काळं मीठ, कोमट पाणी. मी चलनांवर सह्या करेपर्यंत उठून उभा. "सेठ, क्या डाला इस में?"

काय डाला. ओव्याची डबी उघडून बघत बसलो. एवढासा दाणा, मुंगीच्या डोक्याएवढा. चुरगळला की सगळं ऑफिस भरतं वासानं. हे त्याच्यात आलं कुठून? त्या बीला काय पडलंय सलीमच्या पोटाचं?

यार्डात मला वैद्य म्हणतात. खोकल्याला आलं-मध, पोट साफ होत नसेल तर इसबगोल, मुरगळलं तर आंबेहळद. दहातले नऊ बरे होतात. (नाही दिलं तरी बरे झाले असते, असं सौ. म्हणते.) फक्त स्वतःचे पाय काही...

साठे सरांची हिरवी पावडर चालू. सर आमच्या खालच्या मजल्यावर, बँकेतून रिटायर, आता ही पावडर विकतात. तळ्यातलं शेवाळ आहे म्हणे. चव तळ्याचीच. "म्हात्रे, यात बी-ट्वेल्व्ह आहे, लोह आहे, सगळं आहे. तुम्ही फक्त विश्वास ठेवा." बँकवाला विश्वास ठेवा म्हणाला की मी दोनदा बघतो. तरी घेतली.

सकाळचा क्रम: ॲसिडिटीची गोळी, काढा, पावडर, कोरा चहा. दूध बंदच. दुधानं नसा सुजतात असं मोबाईलवर आलं होतं.

१८ नोव्हेंबर

वाईट झालं.

यार्डाच्या गेटशी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी उसळली आणि गेटवर. कोणाला लागलं नाही. वॉचमन क्षणभर आधी पाणी आणायला गेला होता म्हणून. गेट वाकलं, बंपर गेला.

प्रशांत धावत आला. आधी मला बघितलं, मग खाली वाकून पेडल.

"पप्पा, पाय कुठं होता?"

"ब्रेकवर."

"नव्हता."

किल्ली त्यानं काढून घेतली. पोराच्या हातात माझी किल्ली. टेम्पोपासून सुरू केलं मी, याच पायांनी. घाटात, धुक्यात, भरल्या गाडीनं. ब्रेक कुठं आहे हे मला...

१९ नोव्हेंबर

प्रशांतच्या बाजूच्या सीटवर बसून यार्डात गेलो. जाताना उजवा पाय आपोआप दाबत होतो, समोर काही नसताना. त्यानं बघितलं.

रात्रीच्या भाकऱ्या चालू असताना स्वयंपाकघरातून ऐकू आलं. माझे कान चांगले आहेत हे दोघं अजून विसरतात. प्रशांत: "आई, आता गाडी बंद त्यांची. कायमची." सौ.: "तू सांग. मी नाय सांगनार. गाडी काढून घेतलीस तर तो मानूस बसल्या जागी जाईल."

टीव्हीचा आवाज वाढवला.

२२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे. वयानं प्रशांतएवढ्या. घाई नाही त्यांना, हे पहिल्यांदा आवडलं.

दोन दातांचा लोखंडी काटा तळहातावर मारला की गुणगुणतो. तो पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." मी बरोबर सांगितलं. दुसऱ्या पायालाही बरोबर. सौ. खूश.

बाईंनी काटा उचलून धरला. म्हणाल्या, "काका, तुम्ही पायानं सांगताय की कानानं?"

पकडलं! काटा वाजायचा थांबला की मी थांबला म्हणत होतो. मला वाटलं ऐकायचंच असतं. त्यांनी सौ.ला माझ्या कानांवर हात ठेवायला लावले. मग काही नाही. लोखंडाचं वजन तेवढं कळलं. आत सगळं शांत. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भीती वाटली, आणि नवलही. माझाच पाय, आणि मधला रस्ताच बंद.

"मासळी खाता?"

"नाही. नवस आहे." नातू अपुऱ्या दिवसांचा झाला, काचेच्या पेटीत होता, तेव्हा गावदेवीला बोललो होतो. पोर वाचलं तर मासळी, मटण, अंडं सोडलं. आता तो शाळेत जातो, डबा परत आणतो.

"दूध? दही?"

"बंद केलं."

"ॲसिडिटीची गोळी?"

"रोज सकाळी. ती औषध नाही हो बाई, ती सवय आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

२४ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. साखर ठीक. बी-ट्वेल्व्ह तळाला.

बाईंनी वायरिंगच्या भाषेत सांगितलं, म्हणून चटकन कळलं. नसेवर रबरासारखं आवरण असतं, ते उडत चाललंय. करंट पायापासून वर पोचत नाही. जे जीवनसत्त्व ते आवरण सांभाळतं ते मासळी, मटण, अंडं, दूध यातच. पालेभाजीत नाही. शेवग्याचा पाला, नाचणी चांगली, पण यासाठी नाही. आणि जे काही पोटात जाईल ते अन्नातून सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं. ते मी रोज सकाळी गोळी घेऊन विझवत होतो.

सरांची पावडर दाखवली. "शेवाळातलं बी-ट्वेल्व्ह बहुतेक करून शरीराला लागू पडत नाही, काका. उलट रिपोर्टात घोळ करतं."

विचारलं, रोज लागतं तरी किती? म्हणाल्या, मिठाचा एक कण घ्या, त्याहूनही कितीतरी कमी.

मिठाच्या राशी बघितलेला माणूस मी. बाप फळीनं मीठ ओढायचा, डोंगर उभे राहायचे, डोळे दिपायचे. त्यातला एक कण. त्याहून कमी. आणि तेवढ्यानं माणूस ब्रेक दाबतो की दुसरंच काही, हे ठरतं.

याहून मोठं पुढे. "नवस इतक्या वर्षांपूर्वीचा, मग त्रास आत्ता कसा?" तर म्हणाल्या, लिव्हर साठवून ठेवतं. वर्षानुवर्षं पुरवून वापरतं. म्हणजे नवसानंतरची ही सगळी वर्षं मी जुन्या मासळीवर चालत होतो. आईनं चुलीवर भाजलेली सुकट, पावसाळ्यातल्या निवट्या, जवळा घातलेलं वांगं. मी विसरलो, शरीर विसरलं नव्हतं. कणाकणानं देत राहिलं, आणि संपलं तेव्हाच बोललं.

इंजेक्शन घेतलं. लालभडक. कोकम सरबतासारखं. आता एक दिवसाआड.

निघताना म्हणाल्या, "सगळं परत येईलच असं मी सांगत नाही. गाडी नाही. अनवाणी चालायचं नाही. आणि तळवे रोज तपासायचे, काकूंना दाखवायचे."

२७ नोव्हेंबर

साठे सर जिन्यात. पावडरचं सांगितलं. नाराज. "डॉक्टर लोकांना आपलं शास्त्र पटत नाही, म्हात्रे." म्हटलं, सर, शास्त्र तुमचं नाही, कंपनीचं आहे. हसले. मग हळूच म्हणाले, "माझ्यापण पायाला मुंग्या येतात हो." तेही वर्षानुवर्षं ती पावडर घेतायत. बाईंचा पत्ता लिहून दिला.

३० नोव्हेंबर

घरात भांडण. सौ.नं बोंबलाचा विषय काढला. मी नाही म्हटलं. देवीला दिलेलं परत मागत नाहीत.

"देवीला इचारून घेते मी. मंग तर झालं?"

विचुंब्याला गेली, कौल लावला. देवीच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवून विचारायचं, कुठल्या बाजूचं पडतं ते बघायचं. मी बाहेर चपला सांभाळत. आली ती तोंड पाडून.

"मासलीला डावा दिला. नाय म्हंते. अंड्यालाबी डावा."

"मग?"

"मंग मी दूध-दह्याचं इचारलं, तर गुरवानं मनाच डोळे दाखवले. म्हनाला, वहिनी, दूध तुमी देवीला दिलंच कदी? ते तर त्या मोबाईलला दिलंत!"

एवढा हसलो की देवळातून मान वळवून बघायला लागले. संध्याकाळी वाटीभर दही खाल्लं. इतक्या दिवसांनी. जिभेला आंबट लागलं आणि डोळ्यात पाणी आलं, कशाचं ते...

१३ डिसेंबर

ॲसिडिटीची गोळी बाईंनी सांगितल्याप्रमाणे कमी करत आणली. पहिले काही दिवस छाती जळली. आता जेवण लवकर, तिखट कमी. सुटेलसं वाटतं.

पाय: जळतायत! तळव्यांत सुया. बाई फोनवर म्हणाल्या, कधी कधी जाग येताना असं होतं. सौ.ला म्हटलं, दुखतंय. ती म्हणाली, "दुखू दे की. आपलं हाय ते." दुखण्याचं एवढं कौतुक मी आयुष्यात केलं नव्हतं.

२१ डिसेंबर

आज फरशीची सांध लागली.

देवघराकडे जाताना, डाव्या पायाला. दोन फरश्यांच्या मधली रेघ. थांबलो. मागे घेतला पाय, पुन्हा ठेवला. पुन्हा लागली. या घरात राहायला आल्यापासून ही रेघ इथे होती आणि मला माहीत नव्हती.

सौ. म्हणाली, पुतळ्यासारखे काय उभे? सांगितलं. तीही चप्पल काढून बघून आली. "मना तर रोजच लागते," म्हणाली. बरोबर. तिला काय त्याचं.

कोणाला सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. पण दोन बोटांएवढ्या बाटलीतलं लाल पाणी दंडात जातं आणि पायाखालची रेघ उगवते. मी ट्रेलर, इंजिन, क्रेन सगळं बघितलंय. असं यंत्र बघितलेलं नाही.

१० जानेवारी

इंजेक्शनं आता महिन्याला एक. कालच्या तपासणीत घोट्याला थरथर कळली. अंगठ्याला "बघू", म्हणाल्या. गाडीचं विचारलं, तर तेच, "बघू".

प्रशांतला मी फक्त घोट्याचं सांगितलं.

१८ जानेवारी

बाळाराम म्हणाला, चल, मिठागर बघून येऊ. उरणच्या बाजूला काही अजून चालू आहेत. प्रशांत गाडी घेऊन आला, मी बाजूला.

वाफ्यात पाणी कोंडून ठेवलेलं. वर दुधाच्या सायीसारखी मिठाची पापडी धरायला लागली होती. मागे क्रेन, कंटेनर, धूर. पुढे हे. चप्पल काढली. प्रशांत "पप्पा, डॉक्टरांनी..." म्हणेपर्यंत उतरलोही.

गार. मग चिखल. मग त्या चिखलात बारीक बारीक खरखर, मीठ. वर चढत चढत गुडघ्यापर्यंत आलं सगळं. बाप याच्यात उभा राहायचा, उन्हात, दिवसभर. त्याच्या पायांना हे सगळं लागत असणार. आम्ही म्हणत राहिलो, मिठागरातल्या पायाला काही कळत नाही. त्याला विचारलं कोणी?

बाळाराम बांधावर बसून आपलं पाऊल चोळत होता. मग म्हणाला, "आरं, माजंबी डावं पाऊल तसंच हाय. बोललो नाय." उद्या त्याला बाईंकडे नेणार.

मला जोर चढला होता. म्हटलं, डोळे मिटून सांगतो पायाखाली काय काय आहे. माती, मीठ, काडी, सगळं. वर म्हटलं, "ब्रेक तर झोपेत सापडंल आता!" बाळारामनं टाळ्या पिटल्या. प्रशांतकडे हात पुढे केला. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. दिली किल्ली.

परत येताना आमच्या रिकाम्या यार्डात, गेट बंद करून, प्रशांत बाजूला बसून. धुतल्या पायानं, अनवाणीच. पेडल अंगठ्याखाली आलं तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. पहिला गिअर. दुसरा. ब्रेक. थांबली. पुन्हा. थांबली. प्रशांत म्हणाला, "बरोबर, पप्पा."

रस्त्यावर कधी, ते बोललो नाही दोघंही. उद्यापासून मी चालवणार असं सौ.ला मात्र सांगून टाकलं.

थकून आलो, तळवे दाखवायचे राहिले.

१९ जानेवारी

सकाळी अंघोळीनंतर सौ.नं तळवे बघितले. उजव्या टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतलेला, नखाएवढा, भोवती रक्त सुकलेलं. चिमट्यानं काढला. कालपासून तो तिथं होता, आणि गाडी मी त्याच पायानं चालवली.