पलंगाचा चौथा खूर

रविवार, दिवेलागणीनंतर

आज आईचा सागवानी पलंग पुसायला घेतला. सोलापूरच्या उन्हानं लाकूड पार सुकलंय. फडकं घट्ट पिळून पुसलं, लगेच कोरड्यानं टिपलं, मग जवसाचं तेल, अगदी थोडं. तीन खूर छान उजळले. चौथा, आईच्या पायांजवळचा, काळपट आणि चिकट. वर मुंग्यांची रांग.

आई अंथरुणाला खिळल्यापासून बाबा रोज तिच्या पायांना शेंगतेल चोळतात आणि हाताला उरलेलं त्या खुराला पुसतात. मी चिडलेच. "बाबा, खायचं तेल लाकडाला लावतात का? मुंग्या येतात की!" मी तासभर घासून तो खूर साफ केला.

संध्याकाळी आईचे पाय चोळून झाले आणि बाबा तेलाचे हात तसेच धरून उभे राहिले. आधी खुराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुटं पुसू आता?"

एवढं ओरडायचं काय कारण होतं मला? मीच हात पुढे केले. त्यांनी एकेका बोटाला तेल जिरवलं.

"लई खरखरीत झाल्यात गं तुजे हात."

हे लिहिताना पानावर तेलाचा डाग पडतोय. पडू दे.