जीवीबाचं बोट

बडोदे, शुक्रवार, वैशाख वद्य

छाणी गावाहून आले ती जीवीबाचं बोट डोक्यात घेऊनच.

महिनाभर मी तिथल्या बायकांना एकच सांगते आहे, की पिण्याच्या माटात हात घालू नका, पटकी तिथूनच घरात शिरते. पाणी लांब दांड्याच्या डोयाने, म्हणजे पळीने काढा. आज ऊन असं, की टांग्यातून उतरताना मला भोवळच आली. त्यांच्यातल्याच जीवीबाने मला आपल्या ओट्यावर बसवलं. माटावरचं फडकं बाजूला केलं, डोयाने पाणी काढलं, हात कुठेही लागू दिला नाही. मी खूश. आणि पेला माझ्या हाती देण्याआधी तिने त्यात बोट बुडवलं.

"टाढुं छे, बेन," म्हणाली. गार आहे.

धड्याला जमलेल्या साऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. पाणी ओतून टाकलं असतं तर धडा झाला असता, पण जीवीबा पुन्हा आली नसती, आणि तिच्यामागे बाकीच्याही. मी प्यायले. बरं केलं का? कळत नाही. पाणी मात्र खरंच गार होतं.

घरी येईपर्यंत तेच बोट. शेणाचं, चुलीचं. आठवलं की अंगावर काटा येई, आणि हसूही.

दिवेलागणीला धाकटीचं दूध तापवलं. फार कढत तर नाही ना, म्हणून पाहिलं आणि पेला तिच्या हाती दिला. पदराला बोट पुसताना लक्षात आलं. तोवर तिने पेला रिकामा केला होता.