नदीकडे तोंड केलेली दारं

सोमवार, ७ सप्टेंबर

काठावरच्या लोकहो! तुमची घरं नदीने खाल्ली, असं तुम्हाला वर्षानुवर्षं सांगण्यात आलं आणि तुम्ही माना डोलावल्यात. नदीला कसली आली हाव? वरच्या अंगाला पात्रातली वाळू ओरबाडून नेणारे कोण? कागदावर बांध बांधून मोकळे झालेले कोण? हे विचारायची वेळ आली की तुमची दातखीळ का बसते?

शनिवारच्या सभेची सुरुवात अशी करावी म्हणतो. तोवर धार लावता येईल.

आज दुपारी पोचलो. होडीतून उतरताना एक चप्पल चिखलात रुतली आणि ती उपसायला निम्मी वस्ती धावून आली. असं स्वागत मला मोठ्या शहरांतही झालेलं नाही! नावाड्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात. एकदा लागला की बंद होत नाही. नदी ओलांडेपर्यंत त्याने मला दोन लग्नं, एक भाऊबंदकी आणि स्वतःची मूळव्याध तपशीलवार ऐकवली.

संघटनेने माझी सोय एका काकूंकडे केली आहे. घरात काकू आणि त्यांची सून, दोघीच. मुलगा दूर कारखान्यात असतो. सुनेला सातवा महिना लागला आहे. मला मिळालेली खोली नदीच्या अंगाची. खिडकी नाही, पाण्याचा आवाज तेवढा भिंतीतून येतो. भिंतीला थोडी ओल आहे. काकूंनी दोनदा विचारलं, पलंग इकडे सरकवायचा का? मी म्हटलं, राहू द्या. पाण्याच्या आवाजाने झोप छान लागते.

मंगळवार, ८ सप्टेंबर

सकाळी वस्ती पायाखाली घातली. काठ पावाच्या तुकड्यासारखा तुटलेला. एका घराची मोरी अर्धी उरली आहे. उरलेल्या अर्ध्यात अजून बादली ठेवलेली.

दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. पहिली म्हणजे दारं. घर जाणार असं दिसलं की इथली माणसं आधी दार उतरवतात, भांडीकुंडी नंतर. मागच्या अंगणांतून जुनी दारं भिंतींना टेकवून ठेवलेली दिसतात. इथला सुतार म्हणाला, वीट दोनदा लागते, दार जन्मभर लागतं. बायको रुसून गेली तर परत येते, दार वाहून गेलं तर येत नाही. हे बोलून त्याने जीभ चावली आणि एकदम माझ्या चष्म्याची चौकशी करू लागला.

दुसरी म्हणजे एकाही घराचं दार नदीकडे उघडत नाही. सगळ्या वस्तीची नदीकडे पाठ!

काकूंना विचारलं. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, भिंत खाते तर खाऊ दे, पण नदीला दार दाखवू नये. चोर परवडला. चोर नेतो आणि जातो. दार दाखवलं की त्याच चोराचा पाहुणा होतो. आणि पाहुण्याला ऊठ कोण म्हणणार?

म्हण म्हणून झकास आहे. पण मला संशय येतो. भीती आपोआप उगवत नाही, कुणीतरी पेरतं. वाळूच्या ठेकेदाराला याहून सोयीचं काय? पाठ फिरवलेल्या माणसांना कोण काय उपसून नेतं ते दिसत नाही.

गुरुवार, १० सप्टेंबर

युक्ती सुचली! पुढच्या आठवड्यात पाहणीला सरकारी लाँच येते आहे. काठावर प्रत्येक घराचं एकेक जुनं दार चौकटीसकट उभं करायचं, नदीकडे तोंड करून. साहेबांनी या मेलेल्या घरांसमोरून मान खाली घालून जावं.

बैठकीत मांडलं तेव्हा सगळे गप्प. रेडिओसुद्धा. मग मी काकूंकडे वळलो. त्यांच्याकडे जुन्या घराचं दार आहे. सुनेने मला आधीच सांगितलं होतं: तीन वर्षांपूर्वी काकांनी ते उतरवून काकूंच्या हाती दिलं, एक बिजागरी आत राहिली, 'येतो' म्हणाले आणि आत गेले. घर त्यांच्यासकट गेलं. दाराला त्या जागी अजून नुसती भोकं आहेत.

मी म्हणालो, काकू, ज्या दारासाठी ते गेले, ते कोंबड्यांच्या खुराड्यामागे सडवत ठेवणार? त्यांचा साक्षीदार आहे तो! मी अर्धा तास बोललो. काकूंनी डोळे पुसले आणि हो म्हणाल्या. त्यांनी दिलं म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना.

सुताराने काकूंची चौकट आधी जमिनीकडे तोंड करून रोवली. मी ती फिरवून घेतली. तो पुटपुटला, तुमचं काय, तुम्ही भाषण करून जाल. ठेकेदाराच्या घरची कामं याच्याकडे असतात, असं कळलं. लक्ष ठेवायला हवं.

शनिवार, १२ सप्टेंबर

काय सभा झाली!

काठावरच्या दारांचा फोटो कालच पेपरात आला. संघटनेच्या जिल्हा कचेरीतून निरोप आहे की साथी बुधवारी ट्रक भरून दारं घेऊन येताहेत. काठावरच्या सगळ्या वस्त्यांत हाच कार्यक्रम.

भर उन्हात मैदान भरलं. दारांच्या रांगेपाशी, अगदी काठाला, बरीच मंडळी उभी होती. माझ्या अंदाजापेक्षा खूपच जास्त. नेहमीसारखं म्हटलं, मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं. या, या, लाजू नका, घर तुमचंच आहे!

आणि ते पुढे आले. इतकं एकचित्त होऊन मला आजवर कुणी ऐकलेलं नाही. पण पुढे बसलेले एकेक करून उठले आणि मागे न बघता घरी गेले. त्यात सुतारही होता. पैसे चारले असणार. उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या त्या मात्र विचित्र. ओलं कापड दगडावर आपटावं तशा.

काकू सभेला आल्या नाहीत. पोरीला बरं वाटत नाही, म्हणाल्या. सून तर अंगणात हसत कपडे वाळत घालत होती.

रविवार, १३ सप्टेंबर

सकाळी काठावर गेलो. सगळी दारं उघडी. आतल्या बाजूला, वस्तीकडे.

हा खोडसाळपणा आहे. चिखलात पावलंही आहेत, अनवाणी, दारांपासून घरांकडे आलेली. परत गेलेलं एकही नाही. म्हणजे करणारे इथलेच, घरात जाऊन झोपलेत. मी एकेका घरासमोर उभा राहून पाहिलं. सगळ्यांनी मला आज नको म्हणून हात हलवला. पाहुणे आलेत, म्हणे. सगळ्यांकडे एकाच दिवशी?

काकूंच्या दारापाशी थांबलो. भोकांच्या जागी बिजागरी आहे. गंजलेली, सांध्यांत गाळ भरलेली, पण घट्ट बसवलेली. सुताराला खडसावलं. त्याने करवतीवर हात ठेवून शपथ घेतली. मग हळूच म्हणाला, साहेब, जुन्या घराबरोबर गेलेली माझी थोरली लेक आलीय. बसलीय आत. चहा घेत नाही, नुसती बसते.

रेडिओला म्हटलं, पलीकडे सोड, ठाण्यावर जायचंय. त्याने मान हलवली. एक शब्द बोलला नाही.

सोमवार, १४ सप्टेंबर

घरात एक माणूस आहे.

खुर्चीवर बसलेला. काकू म्हणाल्या, हे आलेत. एवढंच. त्यांच्या आवाजात आनंद होता का, ते मला कळलं नाही. सून स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून उभी.

ठेकेदाराचा हस्तक असणार. बाईच्या दुःखावर टपलेला भामटा. मी उलटतपासणी घेतली: कुठे होतात, कसे वाचलात, तीन वर्षं काय केलंत? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. येतो म्हटलं होतं.

खुर्चीखाली पाणी आहे. काकू पुसतात. परत होतं. शर्ट कोरडा दिसतो आणि पाणी होतं.

मी मोठ्याने म्हणालो, उठा! आयुष्यभर हजारोंना उठा म्हणत आलो. तो माझ्याकडे बघून हसला आणि बाजूची खुर्ची थोपटली.

खोलीतली ओल वाढली आहे. ओलीचा आकार सरळ आहे. वर आडवी रेघ, खाली दोन उभ्या. चौकटीसारखा.

मंगळवार, १५ सप्टेंबर

सुताराचं घर उघडं. चुलीवर दूध उतू जाऊन करपलेलं. माणूस नाही. त्याच्या शेजारचं घरही तसंच.

आता कळलं ते कसं नेतात. ओढत नाहीत. धरत नाहीत. नुसते उठतात आणि 'येतो' म्हणतात. पाहुणा उठला की आपण काय करतो? दारापर्यंत सोडायला जातो. आणि त्यांचं दार काठावर आहे. मी रोवलेलं.

सकाळी एका कुटुंबाला पाहिलं. म्हातारा पुढे, मागे लेक, जावई. चौकटीपाशी हात जोडले, हसले, आणि सोडायला एक पाऊल आणखी—

पलीकडे जमीन नाही.

सुनेला सांगितलं, उठले तरी तू जायचं नाहीस. ती रडायला लागली. म्हणाली, सासरे उठल्यावर मी बसून कशी राहू? लोक काय म्हणतील? कुठले लोक, पोरी, कुठले लोक राहिलेत—

दुपारी

तो उठला. काकूंनी पदर सारखा केला. मी आडवा आलो. त्या म्हणाल्या, बाजूला व्हा, वाटेत उभं राहू नये. मला म्हणाल्या. मी त्यांना भाषण देऊन तयार केलं होतं, आणि आता एक वाक्य सुचेना.

त्या सोडायला गेल्या.

सून माझ्यापाशी आहे. हात घट्ट धरून ठेवला.

संध्याकाळी

सुनेला शेतांच्या वाटेने पाठवलं. तिच्यासोबत रेडिओ. निघताना त्याच्या बाह्या चाचपल्या. कोरड्या. टाचा कोरड्या. तरी तो बोलत का नाही? निघताना त्याने 'येतो' म्हटलं नाही. 'जातो' म्हणाला. इथे तसं कुणी म्हणत नाही. देवा, म्हणूनच तो आपला.

मी काठावर गेलो. काकूंचं दार ढकललं. पडत नाही. पलीकडून धरतात. अनेक हात. एकट्याच्याने नाही होत.

बुधवार

साथींनो, ट्रक निघाला असेल. वही उंबऱ्यावर ठेवणार होतो, पण बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत. मला बाहेर पडता येत नाही. कुणी काही करत नाही. वाट बघतात. माझी.

टाळ्या. तशाच. ओल्या.

म्हणतात, पुढे या. म्हणतात, लाजू नका. माझ्याच आवाजात—

भिंतीतली चौकट आता पुरी झाली. या भिंतीला दार नव्हतं. लिहून ठेवतो. नव्हतं.

तुम्ही एकच करा. आणलेली दारं उतरवू नका, वाद घालू नका, मला शोधू नका. काठावरची दारं पाडा. सगळ्यांनी मिळून, एकदम, तोंड मातीत जाईल अशी. काकूंचं आधी. आणि तिथे मागे कुणी उभं दिसलं तर चुकूनसुद्धा त्यांना म्हणू नका की पुढे या—

कडी वाजली. आतून की

या