लोरेन, तुझ्या आत्याचा हात

प्रिय लोरेन,

काल रविवारी तुझ्या चर्चमध्ये गेले होते. दीड वर्ष उशिरा! म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी फार शहाण्यासारखी बोलते आणि खरं ते राहून जातं. तुला आता भाषेची कसली अडचण?

ॲन आर्बरच्या लायब्ररीत समोरासमोर बसून सात वर्षं आपण पुस्तकांची कार्डं टाइप केली. सगळ्यांसाठी मी 'सू'. अख्खं सुनंदा म्हणणारी तू एकटी. डबा उघडला की तू आधी माझ्या लोणच्यावर डल्ला मारायचीस. अजून मी दोन फोडी जास्त नेते आणि तशाच घरी आणते. इतकी आठवण यावी का गं कुणाची!

तुला ल्युकेमिया झाला, भावाचा बोन मॅरो जुळला नाही, तेव्हा मी पदर खोचला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतंच, त्यातच तपासणीचं रक्त घ्यायला नर्सला बोलावलं. बर्फातून बायका आल्या. शास्त्रीकाकूंनी तर उपास असूनही रक्त दिलं. तू माझी शाल पांघरून सोफ्यावर तिळगूळ खात होतीस. हळूच म्हणालीस, "सुनंदा, यातली एक तरी माझ्या आत्यासारखी दिसते का?" मी हसले. वेडी मी!

एकीचंही जुळलं नाही. डॉक्टरांनी मग समजावलं, हे रक्तगटासारखं नसतं, पिढ्यान्‌पिढ्या वंशातून येतं. तुझ्यासारख्या कृष्णवर्णीय पेशंटला जुळणारा दाता बहुतेक वेळा त्यांच्यातलाच मिळतो, आणि दात्यांच्या यादीत तेच फार थोडे.

तेव्हाच तुझ्या चर्चला जायला हवं होतं. आमचे हे म्हणाले, "त्या वस्तीत एकटी कशाला जातेस?" आणि मला ते सोयीचं वाटलं. सात वर्षांत तुझ्या घरी तरी कुठे आले होते मी? पण तू तरी 'चल' का नाही म्हणालीस? माझ्याशी कसली भीड? बर्फ वितळायच्या आत तू गेलीस.

काल नर्सला सोबत नेऊन मी चर्चमध्ये दात्यांच्या यादीसाठी नावं मागितली, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "हॉस्पिटलला आमची आठवण आज झाली?" मी म्हटलं, "हॉस्पिटलचं माहीत नाही, मला मात्र फार उशिरा झाली." तेव्हा तुझी आई उठली. वयामुळे तिचं रक्त चालणार नव्हतं, तर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि एकेकाला नावानं हाक मारू लागली. तेरा जण उठले, लोरेन! शेवटी तुझी धाकटी आत्या. तेच नाक, तेच हसू. तिनं बाही वर केली आणि मला रडू आवरेना. सुई टोचली तिला, आणि धीर तीच मला देत होती.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाईन, एकटी. तुझ्या आईसाठी लोणचंही नेईन. कुठल्यातरी वॉर्डात आजही एखादी लोरेन वाट बघत असेल. तिच्या आत्यापर्यंत पोचायला मी पुन्हा उशीर करणार नाही.

तुझीच,
अख्खी सुनंदा