धुक्यातली शिट्टी

पौष, १९७८. संध्याकाळ.

जुन्या जमादाराची हाक आज दिवसभर कानात आहे. वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरून तो ओरडायचा, "डोंगा आऽऽण!" शाळेत गुरुजी कवितेच्या ओळीचं शेवटचं अक्षर लांबवायचे, अगदी तसं. आमच्या बेटावर पोलीस यायचा तो असा, हाक देऊन.

या नव्या हवालदारानं मात्र आज सकाळी धुक्यात उभं राहून नुसती शिट्टी वाजवली. कितीदा तरी. डोंगेवाला दामा शेकोटीपाशी बसूनच राहिला. हिवाळ्यात नदीवर अडई बदकं उतरतात, त्यांची शीळ हुबेहूब तशीच. शेवटी हवालदारानं शिवी हासडली, तेव्हा कुठे दामानं डोंगा काढला.

"मले वाटलं पाखरंच ओरडून राहिले, साहेब."

"पाखरं पोलिसात भरती झाले काय बे?"

आता हवालदाराचा मुक्काम शाळेच्या खोलीत आहे. उद्या दामाला ठाण्यावर नेणार म्हणतो. दामानं मुद्दाम ऐकलं नाही, असं मी, गावच्या पोलीस पाटलानं, सांगायचं. सांगू? तिथे दामाची काय गत होईल, मला ठाऊक आहे. नाही म्हटलं तर माझी पाटीलकी जाईल. आणि ती शीळ... खरंच सारखी असते हो! पण त्याला पटवू कसं?

एवढं लिहिलं आणि दारावर थाप पडली. दामाची बायको रडत आली असेल, म्हणून उठलो. दारात हवालदार! धापा टाकत, टोपी सरळ करत.

"पाटील, दामाले लवकर डोंगा काढाले सांगा. पलीकडून ठाण्याचे साहेब शिट्टी मारून राहिले!"